भोंगा वाजला की घागर

१९ जानेवारी

आज ग्रामसभेत मला गावच्या आपत्ती व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं. मी तिथं नव्हते, म्हणून केलं. मी इकडे गिरणीत ज्वारी दळत होते आणि तिकडे सरपंच व्यंकटरावांनी सांगितलं की सिंधुबाईंचं नाव टाका, बारावी शिकलेल्या आहेत आणि घर उंचावर आहे. संध्याकाळी तेच दळणाचा डबा घेऊन आले, मला ही खबर दिली, आणि अध्यक्ष झालात तर आजचं दळण फुकट करा म्हणाले. मी पैसे घेतले.

शिवशंकरना सांगितलं तर ते जेवता जेवता हसायला लागले. ते शिरूर अनंतपाळ ते लातूर काळी-पिवळी चालवतात, दिवसभर माणसं हसवून हसवून त्यांना तीच सवय लागली आहे. म्हणाले, बाभळदरीत आपत्ती एकच, आणि ती माझ्याच घरात राहते. त्यांना दुसरी भाकरी वाढली नाही.

२ फेब्रुवारी

तालुक्याला प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या आरती मॅडम वयानं माझ्यापेक्षा लहान, पण बोलणं नीट. आपापल्या गावाचा नकाशा काढायला लावला. मी वरची आळी काढली, मग उतार, मग खालची आळी, तिच्या पायाशी ओढा, ओढ्याकाठी नळाचा हौद. मॅडमनी विचारलं, ओढ्याच्या वरच्या अंगाला काय आहे? मी म्हटलं, तलाव. त्यांनी पेन्सिल तलावापासून खालच्या आळीपर्यंत ओढत आणली. म्हणाल्या, बांध गेला तर अर्धा तास मिळेल, कदाचित तेवढाही नाही.

येताना गाडीत तोच नकाशा परत परत उघडून बघितला. इतकी वर्षं तो तलाव बघते आहे, त्यात पाणी आहे की नाही एवढंच बघितलं. ते खाली येईल असं कधी डोक्यातच आलं नाही.

९ फेब्रुवारी

समितीची पहिली बैठक. पाच जण आले, त्यातले दोघे चहासाठी. मी पुराचं सांगायला लागले तर सगळे एकमेकांकडे बघून गालात हसायला लागले. हणमंतराव काकांनी सगळ्यांच्या वतीनं सांगून टाकलं, "पोरी, भूकंपाचं सांग, त्येला आम्ही भितो. पाण्याला कोण भितंय? हितं आठ दिसाला नळ येतो. पूर आला तर पेढे वाटू."

त्यांचंही चुकतं असं नाही. भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते, आई अजूनही पाल चुकचुकली तरी अंगणात येते. आणि पाण्याचं म्हणाल तर इकडे रेल्वेनं पाणी आलेलं आम्ही पाहिलं आहे. अशा लोकांना पाण्यापासून पळा म्हणून कसं सांगायचं? पण सांगायला नको? बैठक चहावर संपली. साखर माझी.

१७ फेब्रुवारी

भोंगा आला. कागदावर सायरन आहे, गावात त्याचा पहिल्या दिवशीच भोंगा झाला. गिरणीच्या पत्र्यावर बसवला, कारण सगळ्यात उंच तेच, आणि बटण आत जात्याजवळ, वायरीला लोंबतं. लाइट गेली तरी बॅटरीवर चालतो. नियम सोपा केला आहे: तीनदा वाजला की हातातलं टाकून महादेवाच्या माळावर यायचं. माळ माझ्या गिरणीच्या मागेच.

खालच्या आळीत भिंतींवर लाल बाण रंगवून घेतले, सगळे चढाच्या दिशेनं. आज बघते तर रत्नम्माक्काच्या भिंतीवरच्या बाणावर गोवऱ्या थापलेल्या.

रत्नम्माक्का माझी थोरली जाऊ. वाटणीत आम्हाला वरचा प्लॉट आला आणि त्यात बोअरला पाणी लागलं. तिला आणि रामलिंग भाऊजींना खालचं घर आणि ओढ्याकाठचं शिवार आलं. चिठ्ठ्या टाकून झालं सगळं, मी काही हात घालून काढलं नाही. पण तेव्हापासून ती माझ्याशी तुटक बोलते. आवाज मात्र असा की खालच्या आळीत कुणाला रागावली तर मला वर जातं चालू असताना ऐकू येतं. नळाच्या रांगेत पहिला नंबर तिचाच. आदल्या संध्याकाळी तिची पितळी घागर हौदाजवळ बसलेली असते, आणि ती हलवायची हिंमत गावात कुणाची नाही.

गोवऱ्यांबद्दल विचारलं तर म्हणाली, भिंत माझी हाय.

११ मार्च

संगमेश आला होता. तो पंचायतीचा पाणी सोडणारा. आठ दिवसांनी नळ सोडतो तेव्हा सायकलवर गल्लीगल्लीतून ओरडत फिरावं लागतं, आणि त्याचा गुडघा दुखतो. म्हणाला, "ताई, तुमचा भोंगा नुसता बसून हाय. पानी सोडलं की एकदा दाबू का? मला बी आराम, भोंग्याला बी कसरत."

आधी मी नाही म्हटलं. मग विचार केला, मशीन वापरात राहिलं तर बिघडत नाही, माझ्या गिरणीचंही तेच आहे. शिवाय लोकांना आवाजाची सवय होईल. बैठकीला बोलवून येत नाहीत, निदान भोंगा तरी ओळखीचा होईल. एकदा म्हणजे पाणी, तीनदा म्हणजे संकट. आरती मॅडमना कळवावं असं मनात आलं होतं, पण एवढ्यातेवढ्यासाठी कशाला.

आज संध्याकाळी त्यानं दाबला. खालच्या आळीतून दळण टाकायला आलेल्या गीतांजलीनं डबा तसाच ठेवून घराकडे धूम ठोकली. खालची आळी बघता बघता बाहेर. दोन महिने मी घसा फोडते आहे, पण माझ्या बोलण्यानं एवढी माणसं कधी हलली नाहीत. बरं वाटलं.

२ एप्रिल

आज रंगीत तालीम. आरती मॅडम आणि त्यांच्याबरोबर एक मोठे साहेब. मी तीनदा बटण दाबलं आणि माणसं अशी भराभर बाहेर पडली की साहेब घड्याळाकडे बघतच राहिले. घोळ एकच, बहुतेक बाया घागरी घेऊन हौदाकडे गेल्या. रत्नम्माक्का सगळ्यांत पुढे. मी धावत खाली जाऊन एकेकीला वळवलं आणि माळावर आणलं. मोजून दहा वेळा सांगितलं होतं की आज तालीम आहे, नळ नाही.

माळावर फोटो काढला. सगळ्यांच्या कमरेवर घागरी. मॅडमनी हळूच विचारलं, घागरी कशाला? मी म्हटलं, बायका आहेत, मोकळ्या हातानं घराबाहेर पडायची सवय नाही. साहेबांना उलट आवडलं. संकटात पिण्याच्या पाण्याची भांडी बरोबर आणणारं हे पहिलंच गाव म्हणाले.

रत्नम्माक्का फोटोत अगदी मध्यभागी, तोंड वाकडं करून. उतरताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पानी न्हाई तर बोंबलायचं कशाला?"

सांगून उपयोग नाही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

२४ एप्रिल

नळाला बारा दिवस झाले पाणी नाही. विहिरीनं तळ गाठला आहे. बोअर अजून चालू, दुपारी जराशी धार येते.

आज रत्नम्माक्का घागर घेऊन माझ्या दारात आली. वाटणी झाल्यापासून पहिल्यांदा. दळणाला चार बाया बसलेल्या होत्या. ती घागर कमरेवर घेऊन उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. मी आपलं गंमतीनं म्हटलं, "काय अक्का, बोअरवर बी तुमचाच पहिला नंबर का?" बाया हसल्या. मी पुढे म्हणणार होते की या आत. तेवढ्यात ती वळली आणि रिकामी घागर घेऊन उतार उतरून गेली.

एवढं काय लागलं तिला? माणसानं गंमत करू नये का? रात्री शिवशंकर म्हणाले, "दोन घागरी भरून तूच नेऊन दे की. वहिनी हाय, काई परकी हाय का?" मी म्हटलं, मी का जाऊ? मागायला लाज वाटते, आणि फुकटचा राग मात्र आहे. तिनं नुसतं तोंडानं मागावं, मी टाकीला नळ लावून देते.

ते म्हणाले, ती आलती की मागाया. मी दिवा घालवला.

१५ जून

बैठक ठेवली होती, पेरणीची घाई सांगून एकही आलं नाही. पेरणी असताना नाही, कापणी असताना नाही, लग्नसराईत नाही, मग संकटानं कधी यायचं ते तरी कळवा.

संगमेशवर आज चिडले. एकदाच दाबायचं ठरलेलं असताना हा गडी तीन तीन वेळा दाबतो. म्हणे रानात असलेल्या बायांना एकदा दाबून ऐकू जात न्हाई, मग माझ्या नावानं शिव्या. मी बजावलं की नियम म्हणजे नियम. त्यानं हाव हाव केलं. हाव म्हणायला त्याचं काय जातं. निदान भोंगा ठणठणीत चालतो आहे, तेवढं एक काम नीट झालं.

३१ ऑगस्ट

तलाव भरला. सांडव्यावरून पाणी पडायला लागलं तशी सगळी गावं तिकडे लोटली. व्यंकटरावांनी सपत्नीक जलपूजन केलं, खणानारळानं ओटी भरली. माझ्याशिवाय सगळे खूश. आरती मॅडमचा फोन आला होता, बांधाच्या एका बाजूनं माती खचल्यासारखी दिसते, वर कळवलं आहे, तुम्ही खालच्या आळीला सावध करा.

म्हणून दुपारी घरोघर फिरले. पाऊस जास्त झाला तर रात्रीपुरते शाळेत या, नाहीतर माझ्या गिरणीत झोपा. सगळे बघू म्हणाले. रत्नम्माक्का गोठ्यात धार काढत होती. माझ्याकडे न बघता म्हशीला म्हणाली, "ऐकलं का गं, वर ऱ्हानाऱ्यांना आपली लई फिकीर लागली. उन्हाळ्यात कुठं गेल्ती, इचार."

मी पण म्हशीलाच म्हटलं, "हिला सांग, यायचं असलं तर दार उघडं हाय." म्हैस रवंथ करत राहिली. घरी येऊन मला हसूही आलं आणि रडूही. दोन बाया म्हशीच्या मध्यस्थीनं बोलतात, आणि मी म्हणे गावाचं नियोजन करणार.

२४ सप्टेंबर

घट बसले तसा पाऊसही बसला आहे, उठायला तयार नाही. ओढा दोन्ही काठ धरून आहे. त्यात विहिरीवरची मोटर जळली, नळ बंद. गावाभोवती पाणीच पाणी आणि प्यायला घरात नाही. लोक पागोळ्यांचं गढूळ पाणी गाळून पितात. संगमेश मोटर घेऊन लातूरला गेला आहे, दुरुस्त झाली की लगेच नळ सोडतो म्हणाला.

रामलिंग भाऊजी दरवर्षीप्रमाणे रेणुकेच्या दर्शनाला माहूरला गेले. अक्का घरात एकटी. निरोप पाठवला की रात्री वर ये. तिनं निरोप पाठवला की म्हशीला कोण बघणार. दोघींचेही निरोप गीतांजलीनंच पोचवले. ती वैतागून म्हणाली, तुमी दोघी मोबाइल घ्या की.

२९ सप्टेंबर

तीन दिवस हात लागला नाही वहीला. आज लिहिते, नाहीतर पुढे लिहिता येणार नाही.

२६ तारखेला सकाळी उघाड पडली. किती दिवसांनी लख्ख ऊन. बायांनी चिंब कपडे दोरीवर टाकले, पोरं बाहेर आली. संगमेश आदल्या संध्याकाळीच मोटर घेऊन आला होता, सगळ्यांना सांगितलं होतं की उद्या नळ येणार. मला हे माहीत होतं. मीच सकाळी दोघी-तिघींना सांगितलं.

दळण चालू असताना मॅडमचा फोन आला. वरच्या भागात रात्रभर ढगफुटीसारखा पाऊस झाला होता आणि बांध फुटायला लागला होता. एवढंच म्हणाल्या, सिंधुताई, वाजवा.

मी बटण दाबलं. तीनदा, आणि परत तीनदा, आणि मग दाबूनच धरलं. आठ महिने ज्यासाठी झिजले ते करत होते आणि खरं सांगायचं तर भीतीतही मला आतून वाटत होतं की बघा, आता कळेल. मग दारात आले आणि खाली बघितलं.

खालची आळी बाहेर पडली होती. सगळ्या, एकजात सगळ्या, घागरी घेऊन हौदाकडे धावत होत्या. पाण्याकडे.

मी ओरडत उतरायला लागले. माझंच ओरडणं मला ऐकू येईना, कारण वर भोंगा कोकलत होता. मीच बटण दाबलेलं राहावं म्हणून खुंटीत अडकवून आले होते. खाली जाऊ की वर जाऊन तो बंद करू, मला कळेना. मी वर पळाले आणि खुंटीवरून बटण ओढून काढलं.

भोंगा थांबला आणि त्या शांततेत रत्नम्माक्काचा आवाज आला. ती नेहमीसारखी सगळ्यांत पुढे, हौदापाशी पोचलेली होती. तिला ओढ्याच्या वळणावर काय दिसलं ते मागच्यांना दिसत नव्हतं. "माघारी फिरा. घागरी टाका गं रांडांनो, वर जावा. वर जावा सिंधीकडं." एकेकीचं नाव घेऊन शिव्या देत होती. एवढी घाण शिवी मी तिच्याही तोंडून कधी ऐकली नव्हती.

गीतांजली काल सांगत होती. कुणी घागर टाकेना. बारा दिवसांनी पाणी येणार, रांग कोण सोडणार? अक्कानं गीतांजलीच्या कमरेवरची घागर हिसकून ओढ्यात फेकली. गीतांजलीनं तिला शिवी दिली. मग दुसरीची फेकली, तिसरीची फेकली. रिकाम्या हातानं बाया वळल्या, कुणी भांडत, कुणी रडत. वळल्यावर मागून पाण्याचा आवाज आला तेव्हा पळाल्या.

रांगेत जी पहिली, ती वळल्यावर शेवटची. एवढं साधं आहे ते.

मी उतारावरून बघितलं. पाणी मातीच्या रंगाचं, त्यात अख्खी बाभळ उभी वाहत होती. हौद दिसेनासा झाला. अक्काचं हिरवं लुगडं नळाच्या कठड्याजवळ दिसलं, मग तिथं काही नव्हतं.

खालच्या आळीतली सगळी माणसं माळावर आली. सगळी म्हणजे ती सोडून.

परवा खाली वळणावर सापडली. लिंगायत रीतीनं माती दिली. मला रडायला आलं नाही, राग आला. कुणावर ते कळत नाही. संगमेशला बोलावून त्याच्यावर ओरडले की तीनदा का दाबत होतास. तो गुडघ्यात डोकं घालून रडला. त्याला परवानगी कुणी दिली होती?

१ ऑक्टोबर

रामलिंग भाऊजी माहूरहून मातीच्या दिवशीच पोचले होते, पण तेव्हा बोलणं झालं नाही. आज गिरणीत आले. खिशातून केळीच्या पानात बांधलेल्या दोन पुड्या काढल्या. माहूरचा कुटलेला विडा, रेणुकेचा प्रसाद. पानं काळी पडली होती.

"एक तिची व्हती, एक तुझी. जाताना तिनंच सांगितलं, धाकटीला बी आन."

दोन्ही माझ्या हातात ठेवून गेले. म्हैस वाचली आहे. दावं तोडून सकाळीच माळावर चढली होती. तिला कुणी बाण दाखवला नव्हता.

१२ ऑक्टोबर

ते मोठे साहेब येऊन गेले. पंचायतीत हार, शाल, नारळ. म्हणाले, एवढ्या मोठ्या पुरात केवळ एक जीवितहानी, आणि तीही संबंधित महिलेनं सूचना न पाळता हौदाकडे गेल्यानं. वेळेवर सायरन वाजवल्यानं बाभळदरी वाचली. मला लातूरला बोलावणार आहेत, इतर गावांना अनुभव सांगायला.

मी उठून म्हटलं, साहेब, तिनं सूचना पाळली. आम्ही सहा महिने तिला हेच शिकवत होतो की हा वाजला की घागर घेऊन खाली पळायचं. मीच शिकवलं. तुम्ही तालमीला आला होतात, त्या फोटोत सगळ्यांच्या घागरी आहेत बघा.

साहेब म्हणाले, ताई भावनिक झाल्या आहेत. व्यंकटरावांनी मला हातानं खाली बसवलं. शाल माझ्या खुर्चीवरच ठेवून गेले. कुणी वाईट वागलं नाही, आणि कुणी ऐकलंही नाही. आरती मॅडम मात्र मान खाली घालून बसल्या होत्या. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, घागरीचं मी एकदाच विचारलं, परत विचारायला हवं होतं.

२० ऑक्टोबर

बैठक. आज बसायला जागा नव्हती. चहा कुणी मागितला नाही.

अर्धे म्हणाले भोंगा उतरवा, आवाज आठवला तरी पोरं दचकतात. अर्धे म्हणाले ठेवा, पण पाण्यासाठी वाजवू नका. मीही तेच म्हणणार होते. मॅडमनीही तेच लिहून दिलं आहे: दोन कामांसाठी एक आवाज नको.

मग गीतांजली उठली. ती बैठकीत कधी बोलत नाही. म्हणाली, "ताई, खरं सांगू का? उद्या वाजला तर माझा हात पैल्यांदा घागरीवरच जाईल. डोक्याला कळतंय, हाताला कळत न्हाई. कितीबी शिकवा."

सगळ्या बायांनी माना हलवल्या, म्हणजे सगळ्यांचं तेच. मला एकदम संताप आला. एक बाई जिवानं गेली तरी यांचे हात शिकत नाहीत, तर मी काय शिकवू? तोंडाशी आलं होतं ते. आणि मग ते तोंडातच राहिलं, कारण मला हौद दिसला. हौद खाली आहे म्हणून त्या खाली पळतात. त्यांना कुणी खाली पळायला शिकवलं नाही, पाण्याकडे पळायला शिकवलं. पाणी वर असतं तर?

मी म्हटलं, नवा हौद माळावर बांधा, गिरणीच्या भिंतीला लागून. विहिरीची पाइप वर येईपर्यंत माझ्या बोअरचं पाणी त्यात सोडते. भोंगा दोन्हीला वाजू दे. घागर घेऊन पळा, फक्त वर पळा.

हणमंतराव काका म्हणाले, रोज हा चढ कोन चढनार? मी म्हटलं, ज्याला तहान लागेल तो. कुणी हसलं नाही. व्यंकटराव मिशीवर हात फिरवून हाव म्हणाले.

घरी येऊन शिवशंकरना सांगितलं. त्यांनी त्या दोन घागरींचं बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. इतकी साधी गोष्ट आहे ही. एप्रिलमध्ये ती रिकामी घागर घेऊन याच उंबऱ्यात उभी होती, आणि सगळं उत्तर तिच्या कमरेवर होतं. तिला रोज पाण्यासाठी माझ्या दारात यावं लागलं असतं. रोज भांडलो असतो.

३० नोव्हेंबर

हौद झाला. बोअरची धार दुपारपासून सोडून ठेवली होती. आज पहिल्यांदा भोंगा वाजवायचा होता. संगमेश बटणाला हात लावेना, म्हणून मीच दाबला.

दारात येऊन उभी राहिले. खालच्या आळीची दारं उघडली. बाया बाहेर आल्या, घागरी कमरेवर, आणि क्षणभर सगळ्या थांबल्या. दोघी-तिघींची पावलं सवयीनं खालीच वळली. मग गीतांजली वळली, आणि तिच्यामागे बाकीच्या. सगळा घोळका चढ चढायला लागला. दम लागलेल्या, मला शिव्या देत, हा चढ कुण्या मेलीनं काढला म्हणत. अशा शिव्या मला कधी गोड लागल्या नव्हत्या.

पण वर येऊन एकही नळाशी गेली नाही. घागरींची रांग लावली आणि पुढची जागा मोकळी सोडली. कुणी तसं ठरवलेलं नव्हतं.

शेवटी रामलिंग भाऊजी चढून आले. त्यांच्या हातात तिची पितळी घागर होती, ओढ्याच्या खालच्या अंगाला बाभळीच्या काट्यांत अडकलेली सापडली होती. एका बाजूला पोचा आलेला. त्यांनी ती पुढच्या मोकळ्या जागेत ठेवली आणि बाजूला उभे राहिले. मी नळ सोडला आणि घागर भरून घेतली. पोच्यामुळे ती कलते, म्हणून एका हातानं धरावी लागली.

मग उचलून कमरेवर घेतली आणि उतार उतरून त्यांच्या घरी नेऊन ठेवली. येईपर्यंत रांग थांबली होती.